श्वास सोडल्यावरचं माप

लिफ्ट तिसरा मजला सोडून पाचव्याकडे निघाली होती, तेवढ्यात हिरवेसाहेब म्हणाले, "तुझी ती बटणाची टेस्ट. ती चुकलीय असं एक वाक्य लिहून टाक, म्हणजे विषय संपला." म्हणाले तेही किती सहज, दार लावून घे गं, वारा येतोय, म्हणावं इतकं सहज. तिने मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराचीही नव्हे. लिफ्टमध्ये वरिष्ठ माणूस बोलला की मान आपोआप हलते, तशी. मग दार उघडलं, साहेब उजवीकडे वळले, ती डावीकडे, आणि जागेवर जाऊन पिशवी टेबलाखाली सरकवेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही की आपण मघापासून पोट आत ओढून, खांदे वर करून, श्वास धरून चाललोय. जसं काही कुणी माप घ्यायला उभं केलंय. श्वास सोड, असं कुणीतरी कानात म्हणालं. कुणीतरी कशाला, आईच म्हणाली. आई कपडे शिवायची, आणि टेप अंगाभोवती घेतली की प्रत्येकीला हेच म्हणायची. बायका पोट आत घेत, शाळकरी मुली उगाच ताठ होत, आणि आई टेपची दोन टोकं चिमटीत धरून तशीच थांबायची. "श्वास सोड. मग मोजते." समोरचीने कितीही वेळ लावला तरी थांबायची. शेवटी ती बाई कंटाळून खरी व्हायची, आणि मग आई आकडा वहीत उतरवायची.

हिरवे हे काही साहेबांचं आडनाव नव्हे. नवीन लागलेली माणसं सहा-सहा महिने ते आडनाव आहे असंच समजून चालत, आणि जुनी माणसं ताकास तूर लागू देत नसत. पाचव्या मजल्याच्या बोळात भिंतभर एक पडदा होता. ब्राउझर बनवणाऱ्या तीन कंपन्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी शहाणपणाच्या कुठल्याशा क्षणी ठरवलं होतं की एकाच्या ब्राउझरमध्ये दिसणारं पान दुसऱ्याच्यातही तसंच दिसायला हवं. नाहीतर पानं लिहिणाऱ्यांनी तीन-तीनदा लिहायची की काय? मग तिघांनी मिळून चाचण्यांचा एक सामाईक ढीग रचला. दर चार तासांनी त्याच चाचण्या तिघांवर चालायच्या आणि निकाल सगळ्या जगाला बघता येईल असा लागायचा. पास ती हिरवी चौकट, नापास ती लाल. प्रत्येकाचा आपापला आकडा, आणि शिवाय चौथा एक, तिघांतही पास झालेल्या चाचण्यांचा. हा चौथा आकडा तिचा आवडता होता. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. साहेबांना मात्र पहिल्याचंच, म्हणजे आपल्या कंपनीच्या आकड्याचंच, पडलेलं असायचं. सकाळी आल्या आल्या ते पडद्यापुढे पोट आत घेऊन, हात मागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "हिरवं किती?" या वर्षीच्या यादीत बाराशे चाचण्या होत्या. आपण शहाण्णव टक्के, बाकीचे दोघे अठ्ठ्याण्णव आणि नव्याण्णव, आणि चौथा आकडा चौऱ्याण्णव. शुक्रवारी साहेबांना मोठ्या सभेत उभं राहून नव्याण्णव म्हणायचं होतं. मध्ये आडव्या पडल्या होत्या एकेचाळीस लाल चौकटी, एका रांगेत, आणि त्या एकेचाळीसही तिने लिहिलेल्या एकाच फायलीतल्या होत्या. आपल्याच घरातल्या माणसाने दारात पाय अडकवून बसावं तसं ते साहेबांना वाटत असणार.

नियम साधा होता. कुणाची चाचणी वादात पडली तर तिघांनी बसून ठरवायचं, आणि त्यात महिने जात. पण लिहिणाराच म्हणाला की माझी चूक झाली, तर ती चाचणी दुसऱ्या क्षणी मोजणीतून बाहेर. कुणी ब्र काढत नसे. आपल्या हाताने स्वतःला चूक म्हणणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा भाबडा हिशेब त्यामागे असावा. साडेदहाला साहेब तिच्या टेबलाशी आले आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. खुर्ची ओढून बसले म्हणजे गोड बोलणार.

"हे बघ, एक वाक्य," ते म्हणाले. "कोण वाचतंय?"

"चूक काय आहे असं लिहू, साहेब?"

"ते तूच ठरव की! टेस्ट तुझी. नऊ वर्षं जुनी आहे, काही ना काही असेलच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि पुढच्या महिन्यात मोजणी विभाग वेगळा होतोय. प्रमुख कुणाला करायचं ते मला विचारलंय. ती कोपऱ्यातली खिडकीची खोली रिकामीच आहे. मी दुसरं कुणाचं नाव का घेऊ? पण शुक्रवार नीट पार पडायला हवा ना."

ते उठून गेले आणि खुर्ची तिथेच राहिली, तिच्याकडे तोंड करून. तिला राग आला तो खोलीचा नव्हे. खोली तिला हवी होती. का नको असावी? बावीस वर्षं ती भिंतीकडे तोंड करून बसत आली होती. राग आला तो 'काही ना काही असेलच' याचा. जन्मभर तिने हेच तर शोधलं होतं, काय आहे ते. काही ना काहीवर तिने कधी काही लाल केलं नव्हतं. आणि ती फाइल तर नव्हेच नव्हे.

ती फाइल आईमुळे लिहिली गेली होती. नऊ वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला, आणि तिनेच आईला घरच्या संगणकावर अक्षरं दुप्पट मोठी करून दिली. एक दिवस ती ऑफिसातून दुपारीच घरी आली तर आई संगणकापुढे ताठ बसलेली. नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्याचा फॉर्म होता, तपासणीची वेळ मागायचा. नाव, वय, पत्ता, कोणता डोळा, सगळं आईने एकेक अक्षर शोधत भरलं होतं. फॉर्म पाठवायचं बटण मात्र नव्हतं. चौकटीच्या खालच्या कडेला जिथे ते असायला हवं तिथे अक्षरं फुगून पुढे आली होती आणि बटण कुठेतरी खाली, कडेपलीकडे, गडप झालं होतं. आई चाळीस मिनिटं तिथे बसून होती. तिने तीनदा पुसून पुन्हा सगळं भरलं होतं. "माझंच काहीतरी चुकतंय गं," ती म्हणाली. ही बाई, जिने उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं नव्हतं, गिऱ्हाइकाने कापड आटल्याचा बोल लावला तर भर दारात कापड पाण्यात बुडवून दाखवणारी, ती एका यंत्रापुढे मान खाली घालून माझंच चुकतंय म्हणत होती. आणि यंत्रातला ब्राउझर लेकीच्याच कंपनीचा. तिने तोच फॉर्म दुसऱ्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये उघडला. बटण होतं. भराभर भरून तिने ते दाबलं आणि वेळ मिळाली, मंगळवार सकाळची. आईला तिने सांगितलं, तुझं नाही, आमचं चुकतंय. आईने विश्वास ठेवला नसावा. आईने पुन्हा संगणकाला हात लावला नाही, आणि ते 'माझंच चुकतंय' तिच्या मनात फाटलेल्या नखासारखं राहिलं, कुठेही अडकायचं. आठवडाभर बसून तिने ती फाइल लिहिली. अक्षरं दुप्पट केली तरी बटण चौकटीत दिसलं पाहिजे. लहान चौकट, मोठी चौकट, उभी, आडवी, लांब नाव, दोन ओळींचा पत्ता, अशा एकेचाळीस तऱ्हा. बाकीचे दोघे पहिल्या दिवसापासून हिरवे होते. आपण पहिल्या दिवसापासून लाल.

दुरुस्ती दाढीवाल्याच्या हातात होती. चौकटींची मांडणी करणारा सगळा कोड त्याचा. तो त्या कोडात इतकी वर्षं राहत होता की त्याला आता बाहेरची हवा सोसत नसे. ती त्याच्या टेबलाशी गेली तेव्हा तो काहीतरी चघळत होता.

"चार महिने," तो न विचारताच म्हणाला. "साहेबांना मागच्या वर्षी सांगितलं, त्याआधीच्या वर्षी सांगितलं. चार महिने द्या, पायापासून काढतो. ते म्हणतात, चार दिवसांत काय होईल? मी म्हटलं, चार दिवसांत तुमची समजूत होईल."

"आणि मी ती चाचणीच काढली तर?"

दाढीवाला चघळायचा थांबला. "मग मला चार महिने कोण देणार? कधीच नाही देणार. लाल नाही तिथे कोण बघतं?" मग त्याला वाटलं असावं की आपण जास्त बोललो. "पण तुझंही बघ बाई. खिडकी बरी असते."

म्हणजे बातमी सगळ्यांना होती. ती जागेवर आली आणि साहेबांना उत्तर लिहायला बसली. नाही, असं लिहिलं. मग वाटलं, नाही काय? तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतंय. मग चार ओळी लिहिल्या, त्यात ती चाचणी किती काटेकोर आहे, कशी नऊ वर्षं सगळ्यांनी मान्य केली आहे, असं सगळं. लिहितालिहिता तिचा हात अडखळला. काटेकोर आहे, हे कुणी सांगितलं? आपणच. कधी तपासली होती शेवटची? तपासलीच नव्हती. बाकीचे दोघे हिरवे, आपण लाल, आणि आपण लाल आहोत हे तिने स्वतःच्या घरात डोळ्यांनी पाहिलेलं. मग तपासायचं काय? मोजणारी तीच, मापही तिनेच केलेलं. आणि इथे तिला एकदम ती पिवळी टेप आठवली. ती आठवण तिला नको होती. सकाळपासून ती त्या आठवणीपासून चार हात लांब राहत होती, हे तिला आता कळलं.

ती नऊ-दहा वर्षांची असेल. आईला एका शाळेच्या साठ फ्रॉकांची शिलाई मिळाली होती. एकटीने होणारं काम नव्हतं, म्हणून आईने आत्याला बोलावून घेतलं. आत्याने नवी कात्री आणली, नवी टेप आणली. आईने शाळेत जाऊन मुलींची मापं घेतली, एकेकीला श्वास सोडायला लावून, आणि वही आत्याकडे दिली. आत्याने बेतलं, दोघींनी शिवलं. फ्रॉक शाळेत गेले आणि दुसऱ्या दिवशी साठच्या साठ परत आले. सगळे छातीत आवळ. एकेक इंच. शाळेची बाई दारात उभी, मागे दोन-तीन मुलींच्या आया, आणि आत्या रडायलाच लागली. बेतणारी ती; चूक तिचीच असणार, असं सगळ्यांनी धरलं, तिने स्वतःही धरलं. आईच्या हातून वीस वर्षांत एक कपडा परत आला नव्हता. आई उठली. तिने स्वतःची पिवळी टेप आणि आत्याची नवी टेप टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, सुरुवातीचं टोक सुरुवातीच्या टोकाला लावून. आत्याच्या टेपच्या सव्विसाव्या इंचाशी आईच्या टेपवर पंचवीसच होते. वीस वर्षं गळ्यात लोंबून, ओढून, घामाने भिजून टेप ताणली होती. आजवर कळलं नाही, कारण मोजायची आईच आणि बेतायचीही आईच. ताणलेल्या टेपने घेतलेलं माप ताणलेल्याच टेपने बेतलं की कपडा बेतशुद्ध बसतो. दुसरी टेप घरात आली तेव्हा पहिलीचं पितळ उघडं पडलं. ती खोली, तो खडूचा वास, मुलींच्या आयांच्या चपला उंबऱ्याशी, आणि आईचा चेहरा. आईचा चेहरा पडायला हवा होता. पडला नाही. उलट असा काही कडक झाला की दारातल्या बाया मागे सरल्या.

तिने उत्तर पुसून टाकलं. दुसऱ्या संगणकावर पलीकडच्या कंपनीचा ब्राउझर उघडला, त्यात आपली फाइल लावली. एकेचाळीस हिरव्या, पापणी लवायच्या आत. ठीक. मग तिने नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. चाचणीचं पान बंद न करता ती नुसतं बघत बसली. यंत्र चाचणी करतं तेव्हा पान उघडतं, मोजतं, मिटतं. माणसासारखं बसून राहत नाही. पानावर दवाखान्याच्या फॉर्मसारखाच एक फॉर्म होता, आईच्याच फॉर्मवरून केलेला. बटण चौकटीत होतं. एक सेकंद गेला. मग अक्षरं बदलली. पान आधी साध्या अक्षरांत उघडतं, आणि त्याची खरी अक्षरं मागाहून पोचतात, वरातीत मागे राहिलेल्या पाहुण्यांसारखी; ती जराशी रुंद असतात, ओळी वाढतात. ओळी वाढल्या, आणि बटण हळूच, कुणाला त्रास नको म्हणून उठून जावं तसं, खाली सरकलं आणि कडेपलीकडे गेलं. फॉर्म भरलेला, आणि बटण नाही. वरच्या कोपऱ्यात मात्र हिरवं: पास.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये केलं. तिथेही तेच, फक्त थोडं सावकाश. तिचे कान तापले. फायलीत तिने मोजमाप केलं होतं ते पान उघडल्याच्या पहिल्याच क्षणी. पान ताठ उभं असताना. श्वास धरलेला असताना! शिंपिणीच्या मुलीने, जिने हजारदा ते वाक्य ऐकलं होतं, तिने श्वास सोडायची वाट न बघता माप घेतलं आणि नऊ वर्षं ते माप जगाच्या भिंतीवर टांगून ठेवलं. त्या दिवशी आईला तपासणीची वेळ मिळाली ती घरच्या संथ इंटरनेटवर खरी अक्षरं उशिरा पोचली आणि बटण सरकायच्या आत हिने फॉर्म भरून ते दाबलं म्हणून. हिचा हात तरुण होता, घाईचा होता. आईने भरलं असतं तर एकेक अक्षर शोधेपर्यंत बटण तिथूनही गेलं असतं. आणि या नऊ वर्षांत अशा किती आया, किती म्हातारे, मोठी अक्षरं करून, ओल्या डोळ्यांनी, भरलेल्या फॉर्मपुढे बसून राहिले असतील, तिन्ही ब्राउझरांत, आणि माझंच चुकतंय म्हणाले असतील? तिला लाज वाटली. इतकी की क्षणभर तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले.

आणि मग, तळव्यांच्या त्या काळोखात, तिला दिसलं की आपली सुटका झाली आहे. चूक होती की! साहेबांना हवं होतं ते एक वाक्य आता खरं होतं. 'चाचणी चुकीची आहे' एवढं लिहायचं, पुढे पूर्णविराम. अक्षर खोटं नाही. एकेचाळीस लाल चौकटी जातील, साहेब नव्याण्णव म्हणतील, बाकीचे दोघे काय, त्यांचं काहीच जात नाही, ते कशाला विचारतात? मोजणी विभागाची प्रमुख म्हणून ती खिडकीत बसेल, आणि खिडकीतून तिला समोरच्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर वाळणारे कपडे दिसतील. पुढे कधीतरी, सवडीने, नीट नवी चाचणी लिहील. सवडीने. पण दाढीवाला म्हणाला होता, लाल नाही तिथे कोण बघतं. तिने फोन उचलला आणि जिन्याच्या चौकात जाऊन आईला लावला. आई आता धाकट्या भावाकडे असायची; एक डोळा साधारण, एक बरा.

"जेवलीस का?" आईने विचारलं. आईचा फोन कसाही सुरू झाला तरी इथूनच सुरू होतो.

"जेवायचंय. आई, ती पिवळी टेप आठवते? साठ फ्रॉकांची?"

"न आठवायला काय झालं? कापली मी ती. त्या बायांच्या समोर."

"तेच विचारायचंय. का कापलीस? नुसतं नव्या टेपने पुन्हा मापं घेतली असतीस तरी चाललं असतं की. कुणाला कळलंही नसतं."

"वन्संना कळलं असतं," आई म्हणाली. "वन्सं जन्मभर समजल्या असत्या की त्यांच्या हाताने साठ फ्रॉक बिघडले. आणि शिवाय, वीस वर्षं जिला जिला मी शिवून दिलं, त्या सगळ्यांना ठाऊक व्हायला नको का, की वहीतले आकडे खरे नव्हते? कुणी तो आकडा घेऊन दुसरीकडे शिवायला टाकला असता तर?"

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर जोरात बोलले." आई हसली. "अगं, माझी स्वतःची चूक होती. दुसऱ्याची असती तर दबकत, सांभाळून बोलावं लागलं असतं. स्वतःच्या चुकीला कुणाच्या बापाची भीती? ते जाऊ दे. तू श्वास का धरलायस? फोनवर ऐकू येतंय मला."

ती जागेवर परत आली. दुरुस्ती एका ओळीची होती: सगळी अक्षरं पोचू देत, पान स्थिर होऊ दे, मग मोज. एका ओळीला नऊ वर्षं लागली होती. खाली, जगाला वाचता येईल अशा जागी, तिने कारण लिहिलं. 'या चाचणीत चूक होती. चूक माझी. मी पान उघडताच घाईने मोजलं. आता पान थांबेपर्यंत थांबून मोजते. यापुढे ही चाचणी कुठल्याच ब्राउझरमध्ये पास होणार नाही. आधी जे पास दिसत होते ते पास नव्हते.' शेवटचं वाक्य तिने एकदा पुसलं आणि पुन्हा, होतं तसंच, लिहिलं. चाचणी काढायला एकट्याचा शब्द पुरे होता, पण दुरुस्त करायला पलीकडच्या कंपन्यांतल्या कुणाचा तरी होकार लागायचा. आणि पलीकडे होता तो. पलीकडचा. नऊ वर्षं त्या दोघांनी चाचण्यांखालच्या टिपांत एकमेकांशी भांडत काढली होती, नमस्कार-चमत्कार सांभाळून. चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. होकार दिला तर त्याच्याच घरात एकेचाळीस दिवे विझणार होते. तिने त्याला वेगळं लिहिलं, 'तुमचं नऊ वर्षांचं हिरवं खोटं आहे, आणि ते मी तुम्हाला दिलंय. स्वतः बसून बघा. पान बंद करू नका.'

तासभर काहीच आलं नाही. ती जेवायला गेली नाही. या तासात तिने मनातल्या मनात तीनदा राजीनामा लिहिला, दोनदा माफी मागितली आणि एकदा साहेबांना असं काही सुनावलं की शेजारची बाई तिच्या ओठांकडे बघायला लागली. मग उत्तर आलं. 'बघितलं. मग वडिलांना फोन केला. ते मोठी अक्षरं लावून वाचतात. विचारलं, असं कधी होतं का. म्हणाले, कित्येक वर्षं होतंय. मग मला का नाही सांगितलंत, म्हटलं. म्हणाले, तुला काय सांगायचं, माझंच काहीतरी चुकत असेल.' खाली एक ओळ सोडून एकच शब्द होता: 'मान्य.' तिने ते दोनदा वाचलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं.

चारचा निकाल लागला तेव्हा ती स्वतःहून उठून बोळात गेली. तिला तो लपून बघायचा नव्हता. पडदा एकदा मिटला आणि उजळला. एकेचाळीस चौकटींच्या तीन रांगा, एकीखाली एक, सगळ्या लाल. अठ्ठ्याण्णवचे पंचाण्णव झाले होते, नव्याण्णवचे शहाण्णव. आपण होतो तिथेच, शहाण्णव. आणि चौथा आकडा, तिघांचा मिळून, चौऱ्याण्णव. तो तसूभरही हलला नव्हता. तिला एकदम हसू आलं. तोच एक आजवर खरं बोलत होता. मागे माणसं जमली. दाढीवाला आला, त्याने तीन रांगांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि दाढीतल्या दाढीत म्हणाला, "चार महिने मिळाले." मग पावलं वाजली आणि सगळे आपापल्या जागी जायला निघाले, कारण पावलं साहेबांची होती.

साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. सवयीने हात मागे बांधले, पोट आत घेतलं.

"हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच. चूक झाली म्हणून लिहिलं."

"हे मागे घेता येतं?"

"येतं. तिघांनी हो म्हटलं तर. पलीकडच्या एकाने नाही म्हणून आधीच कळवलंय."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. ते मूर्ख नव्हते. त्यांचे डोळे आकड्यांवरून फिरले आणि त्यांना आपल्या कामाचं ते सापडलं. "म्हणजे एका परीने," ते सावकाश म्हणाले, "आपण आता मागे नाही. एक पंचाण्णव, एक शहाण्णव, आपण शहाण्णव. बरोबरीत आलो. शुक्रवारी असं मांडता येईल की..."

"बरोबरीत नाही, साहेब. तिघंही नापास आहोत."

"मग मी उभा राहून सांगू काय?"

"बटण दिसत नाही, असं सांगा. नऊ वर्षं दिसत नव्हतं, आणि आम्हाला आज कळलं, असं सांगा. माझं नाव सांगा हवं तर."

"आणि ती खोली?" साहेब म्हणाले. धमकी द्यायची होती, पण आवाज नीट लागला नाही. "ती खोली तू विसरूनच जा."

"सकाळी तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हाच विसरले," ती म्हणाली. ते खरं नव्हतं. खोली तिला अजून हवी होती, ती गच्ची, ते वाळणारे कपडे. पण आता ते सांगायची गरज नव्हती. तिने साहेबांकडे नीट बघितलं. मान ताठ, छाती पुढे, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल होत चाललेला. पडद्यापुढे उभा राहिलेला, कुणीतरी आपलं माप घेतंय म्हणून घाबरलेला एक माणूस. तिला त्यांची दया आली नाही, पण घाईही वाटली नाही.

"श्वास सोडा, साहेब," ती म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.

आणि बऱ्याच वेळाने, कंटाळून का होईना, त्यांनी तो सोडला.